पडेल ते काम

माझा नवरा जिन्यावरून गडगडत खाली आला आणि उठला नाही.

मी अंगणाच्या कडेला बसून त्याच्या दुसऱ्या पँटला बटणं लावत होते. पहिली पडण्यात फाटणार हे ठरलेलंच असायचं, म्हणून दुसरी तयार ठेवायची. त्याच्या गडगडण्याचा आवाज रोजचाच, त्यामुळे मी मान वर करून बघितलंही नाही. पण गडगडून झाल्यावर तो टुणकन उठायचा आणि कपडे झटकायचा, तो आवाज काही येईना. तेव्हा सुई कापडात खोचून बघितलं, तर तो शेवटच्या पायरीशी घोटा धरून बसलेला.

"हँडल थांबवा," मालक म्हणाले. चित्राच्या यंत्राचं हँडल फिरवणारा माणूस थांबला.

"काय झालं रे, आपटबार?"

"काही नाही, मालक. पाय चुकला जरा."

"तुझा पाय चुकावा म्हणून तर आम्ही तुला ठेवलाय," मालक म्हणाले, आणि सगळे हसले. तो हसला नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हे प्रकरण घोट्यापुरतं नाही.

माझा नवरा पडायचा, तोच त्याचा धंदा होता. लग्न झालं तेव्हा तो रंगारी होता. लोक एकमेकांना चुना लावतात, माझा नवरा भिंतींना लावायचा, आणि तोही इमानदारीत, दोन हात. त्या वेळी चित्रं नुसती हलायची, बोलायची नाहीत. गावाबाहेर एका मालकांनी चित्रं काढायची कंपनी घातली होती. तीन भिंतींची घरं, चौथी भिंत नाही, छप्पर नाही, वर उन्हाला आडवं एक पांढरं कापड. तिथे भिंतींना चुना लावायला माणूस हवा होता. "पडेल ते काम करीन," असं हा मालकांना म्हणाला, आणि मालकांनी पहिल्याच दिवशी त्याचा शब्द खरा केला.

झालं असं, की भिंत रंगवून झाल्यावर ती कशी दिसते हे बघायला हा मागे मागे सरकत गेला. ही त्याची जुनी खोड. मागे बादली होती, तीत पाय गेला. पाय काढायच्या नादात टेबलावर आदळला, टेबल दिव्यावर, दिवा पडद्यावर, आणि पडदा कोठीवाल्या म्हाताऱ्यावर. कोठीवाला म्हणजे कंपनीचं सामान सांभाळणारा, तोंडाचा फटकळ. तो पडद्यातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मेला पांढऱ्या पायाचा दिसतोय."

आता पांढऱ्या पायाचा कोणाला म्हणतात हे काय सांगायचं. ज्याचा पाय घरात पडला की घराचं वाटोळं होतं, तो. माझ्या नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मालक मात्र फरशीवर उमटलेली चुन्याची पावलं बघत बसले होते. मग त्यांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "हेच आपलं पुढचं चित्र."

तेच झालं. चित्राचं नावच 'पांढऱ्या पायाचा'. एक गरीब माणूस नोकरी शोधायला निघतो आणि दारातच चुन्याच्या बादलीत पाय घालतो. (खऱ्या चुन्यानं पाय भाजतात, म्हणून बादलीत खडूची पूड कालवलेली असायची. ते काम माझं.) मग जिथे जिथे त्याची पांढरी पावलं उमटतात तिथे काहीतरी कोसळतं. न्हाव्याचा आरसा फुटतो. फोटोवाल्याचं यंत्र कोलमडतं. आग विझवणाऱ्यांच्या कचेरीत जातो, तर कचेरीलाच आग लागते. शेवटी अख्खं गाव डांबराचा डबा घेऊन त्याच्या मागे धावतं, त्याला धरून पाय काळे करतं आणि सोडून देतं. तो खूश होऊन घरी येतो, आणि बायकोनं नुकतीच पुसलेली फरशी काळ्या पावलांनी भरून टाकतो. बायको लाटणं उचलते. चित्र संपलं.

चित्र तुफान चाललं. मधल्या पाट्यांवरची अक्षरं वाचता येणारे मोठ्यानं वाचायचे, न येणारे त्यांच्याही आधी हसायचे. रस्त्यात माणसं त्याला थांबवायची, पाठीवर थाप मारायची. मी मान ताठ ठेवून बाजूनं चालायचे, का नाही चालायचं? मग हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. आम्ही वाण्याच्या दुकानात शिरलो की वाणी काचेची बरणी काउंटरवरून उचलून मागे ठेवायचा. हसत हसतच ठेवायचा, पण ठेवायचा. एकानं नवं घर बांधलं, सगळ्या आळीला बोलावलं, आम्हाला विसरला. मी म्हटलं, गेले उडत. माझा नवरा म्हणाला, "माझं काम चांगलं झालं म्हणूनच ना?" त्याचं सगळं असंच. पडलं तरी नाक वर, पण गर्वानं नाही, भाबडेपणानं.

त्याला लागलं ते बहिणीच्या दारात.

त्याला एकच धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले, त्यानंच तिला वाढवली, लग्न करून दिलं. तिचं सासर तीन गल्ल्या सोडून. तिचं पहिलं मूल जन्मलं आणि एका दिवसात गेलं. त्याच आठवड्यात, बाळ व्हायच्या आधी, हा तिला भेटून आला होता, पेरू घेऊन. तेव्हा कोणाच्या मनातही काही आलं नाही. मग चित्र आलं, तिच्या सासूनं ते पाहिलं, आणि बाईनं दोन आणि दोन चार केले.

आता नणंदेला पुन्हा दिवस भरत आले होते. कंपनीतल्या चिंध्यांतून मी चार झबली शिवली, आणि आम्ही दोघं द्यायला गेलो. सासूबाई दारात आल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्यांनी झबली घेतली, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू आत ये." आणि चौकटीवर हात आडवा ठेवला. "हे नकोत."

"मावशी, बहीण आहे माझी," तो म्हणाला.

"म्हणूनच हात जोडून सांगते. तुम्ही माणूस वाईट नाही. पण पाऊल आत टाकू नका."

आतून नणंदेचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

"कोणी नाही," मावशी म्हणाल्या.

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण यानं माझा हात दाबला, ओठांवर बोट ठेवलं, आणि चपला वाजू नयेत म्हणून हातात घेऊन गल्लीतून निघाला. बहिणीला कळू नये, की दारातून परत गेलेला 'कोणी नाही' म्हणजे आपला दादा. मी झबली द्यायला नको होती असं मला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

दुसऱ्याच दिवशी तो जिन्यावरून पडून उठला नाही.

घरी घोट्याला गरम पाण्याचा शेक देताना मी म्हटलं, "खरं सांगा. पाय कसा चुकला?"

"निम्म्या जिन्यावर मनात आलं, खरंच असेल तर?"

"काय खरं असेल तर?"

"मावशी म्हणतात ते. तेव्हा मी गेलो होतो ना गं तिच्याकडे. पेरू घेऊन." त्यानं पाय माझ्या हातातून काढून घेतला. "पडताना मनात काही असून चालत नाही. अंग सोडून द्यावं लागतं. मी मध्येच कठडा धरायला गेलो."

"तुम्ही कठडा धरायला गेलात?"

"हो."

मला रडू आलं. एवढी वर्षं हा माणूस छपरावरून, झाडावरून, गाडीवरून पडत होता, मला कधी भीती वाटली नव्हती. आता वाटली. कठडा धरणारा माणूस एक दिवस मान मोडून घेतो. धंदा गेला तर गेला, रंगाचा ब्रश पुन्हा हातात घेता येईल. पण हा स्वतःलाच पनवती समजायला लागला, तर मी जन्मभर कोणाबरोबर राहायचं?

दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि मावशींकडे गेले. त्या ओसरीत स्टुलावर बसून धान्य निवडत होत्या.

"मावशी, ते चित्र खोटं असतं," मी सरळच सुरुवात केली.

"खोटं कसं? फोटो आहे तो. जे झालंच नाही त्याचा फोटो निघेल कसा?"

आता बोला. बाईचं म्हणणं एका परीनं बरोबरच होतं. आरसा खरंच फुटला होता. टेबल खरंच मोडलं होतं.

"मुद्दाम करतात हो. आधी ठरवून."

"मुद्दाम कोण पडेल? माणूस आहे की पोतं?" मावशींनी सूप खाली ठेवलं. त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, तुझ्याशी माझं भांडण नाही. पहिलं बाळ माझ्या या हातांत गेलं. याच हातांनी त्याला मातीत ठेवून आले. पुन्हा ते माझ्यानं होणार नाही. मग तू मला खुळी म्हण, नाहीतर कैदाशीण म्हण."

माझा राग होता तो निम्मा तिथेच उतरला, आणि उरलेला कुठे ठेवावा ते कळेना. मी म्हटलं, "डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुम्ही मानणार नाही, आणि डोळ्यांनी बघूनच तर फसलात. मग आता उभ्या राहून बघा. पुढच्या सोमवारी नव्या चित्रातला जिना पुन्हा घेणार आहेत. या कंपनीत."

मला वाटलं नव्हतं, पण आल्या. स्वतःचं स्टूल घेऊन आल्या, कारण परक्याच्या खुर्चीवर त्या बसत नसत. मी त्यांना शिवणाच्या पेटीमागे बसवलं. नवऱ्याला सांगितलं नाही.

त्या दिवशी त्याला बादलीसकट जिन्यावरून खाली येऊन, खाली उभ्या असलेल्या घरमालकाच्या पायाशी आदळायचं होतं. घरमालकाचं काम कोठीवाला म्हातारा करत होता. मालक ओरडत होते, "कोठीवाले, आणखी पुढे या, जवळ हवेत तुम्ही." म्हातारा पुढे यायचा. माझा नवरा लंगडत खाली उतरायचा, म्हाताऱ्याला खांद्याला धरून वीतभर मागे सरकवायचा, पायरीखालचा खिळा, ढलपी उचलून खिशात टाकायचा आणि पुन्हा वर जायचा.

पहिल्यांदा पडला तेव्हा त्यानं कठडा धरला. मालकांनी मान हलवली. दुसऱ्यांदा पडला, पुन्हा धरला. मालक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, दुसरा माणूस बघावा लागेल बहुतेक." तिसऱ्यांदा तो खाली आला तेव्हा बादली त्याच्या डोक्यात बसली, टेबल त्याच्या पाठीवर मोडलं, आणि कोणीही न ठरवलेली गोष्ट म्हणजे वरच्या बांबूला टांगलेला दिवा निसटला, तोही त्याच्याच खांद्यावर. कोठीवाल्याच्या कपड्यावर खडूचा एक ठिपका नव्हता.

मावशी स्टुलावरून उठल्या आणि तडक तीन भिंतींच्या त्या घरात शिरल्या. हँडलवाला फिरवायचं विसरला. माझा नवरा बादली डोक्यावरून काढतो तर समोर मावशी. तो दचकून मागे सरकला.

"मी पाऊल नाही टाकलं मावशी, मी इथेच—"

"गप. मी बघत होते सगळं." त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जे काही पडतं ते तुझ्याच अंगावर पडतं. शेजारच्याला काही होत नाही. असंच असतं का नेहमी?"

"तसंच ठेवावं लागतं, मावशी. दुसऱ्याला लागलं तर कोणी हसत नाही."

मावशींनी कोठीवाल्याच्या स्वच्छ कपड्यांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरीला कळा सुरू झाल्या की माझ्या घरी ये. दाराशी उभा राहा. जे काय यायचं असेल ते तुझ्यावर येऊ दे. तिच्यावर नको, बाळावर नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी कशाला आणलं होतं या बाईला, आणि ही काय घेऊन निघाली. मी म्हटलं, "मावशी, माझा नवरा म्हणजे काय तुमच्या घराची ढाल आहे?"

पण तो हसत होता. बऱ्याच दिवसांनी हसत होता, खडूनं पांढऱ्या झालेल्या तोंडानं. "येतो मावशी," तो म्हणाला. "नक्की येतो." आणि मला म्हणाला, "अगं, आत बोलावताहेत त्या मला." मावशी त्याला अरे-तुरे करत होत्या हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. एरवी त्या त्याला तुम्ही म्हणत.

चौथ्यांदा तो कठडा न धरता पडला, आणि मालकांनी दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा काढला नाही.

महिना संपायच्या आत एका सकाळी नणंदेचा नवरा धावत आला. मावशींनी माझ्या नवऱ्याला वरच्या मजल्यावर, बाळंतिणीच्या खोलीच्या दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी उभं केलं. "इथून हलायचं नाही." मी आत नणंदेचा हात धरून बसले. सुईण जाणती होती, पण दुपार झाली तरी सुटका होईना. नणंद थकत चालली. डोळे मिटून घ्यायला लागली. सुईण म्हणाली, "हिला जागी ठेवा. हिनं धीर सोडता कामा नये." मावशी कोपऱ्यात स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या पहिल्या बाळाचाच विचार करत असणार, दुसरं काय. मी नणंदेला हाका मारत होते, गालावर थोपटत होते, ती ऐकत नव्हती.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला.

लाकडी जिना होता, आणि कोपऱ्यात एक रिकामी घागर ठेवलेली असायची. आधी घागर गेली. मग तो गेला. एकेक पायरी मला ऐकू येत होती, मध्ये कठड्याला पाय लागल्याचा आवाज, वळणावर एक कोलांटी, पुन्हा घागर, आणि सगळ्यात खाली एक जोरदार आपट. मावशी ताडकन उठल्या. मी उठले नाही. तो पाय घसरला नव्हता. मी त्याच्या पँटी शिवलेल्या आहेत, मला पडणं आणि पडून दाखवणं यांतला फरक कळतो. एवढं छान तो कधी पडला नव्हता, आणि हँडल फिरवायला तिथे कोणी नव्हतं.

नणंदेनं डोळे उघडले. तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "दादा पडला," ती म्हणाली, आणि हसायला लागली. घामानं निथळत, रडत, हसत होती. "वहिनी, आई गेली तेव्हा मी जेवायची नाही. मग हा पडायचा. बाजेवरून, स्टुलावरून. मी हसायला तोंड उघडलं की घास घालायचा." मग पुढची कळ आली आणि तिनं माझा हात असा आवळला की बोटं मोडतात की काय वाटलं. सुईण म्हणाली, "हां, आता कसं. असाच जोर लाव."

मावशी दारातून खाली बघत होत्या. "गेली," त्या म्हणत होत्या. "पीडा गेली, याच्यावर गेली." मी त्यांना काही सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही.

मुलगी झाली. चांगली टणटणीत, आल्याबरोबर घर डोक्यावर घेणारी. सुईणीनं तिला पुसलं, माझ्या झबल्यात गुंडाळलं आणि आजीच्या हातात दिलं. मावशींनी तिच्याकडे बघून घेतलं. मग कोणी काही म्हणायच्या आत तिला घेऊन दाराकडे गेल्या. तो वर येऊन उभा होता, कपाळावर टेंगूळ घेऊन, उंबऱ्याच्या बाहेर.

"आत ये," मावशी म्हणाल्या. "घे भाचीला."

तो आत आला आणि दोन्ही हात मागे घेऊन भिंतीपर्यंत सरकला.

"थांबा, मावशी. असं नको."

तो खाली बसला. फरशीवर फतकल मारून, पाठ भिंतीला चिकटवून, पाय पसरून. हातानं आजूबाजूची फरशी चाचपून बघितली. मग हात पुढे केले.

"आता द्या," तो म्हणाला. "इथून खाली पडायला जागा नाही."

मावशींना गुडघ्यांमुळे कित्येक वर्षं खाली बसता येत नव्हतं. देवाणघेवाण काय ती त्या उभ्यानं नाहीतर स्टुलावरून करत. त्यांनी एका हातानं बाळ छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं दाराची चौकट धरली, आणि हळूहळू, दात आवळून, त्याच्यासमोर फरशीवर बसल्या. तेव्हा कुठे त्यांनी बाळ त्याच्या हातांत दिलं.